आधी पडणारा ठोका

भाद्रपद जवळ आला की गणपती मंडळांचे फोन सुरू होतात. यंदाचा पहिला मागच्या आठवड्यात आला. "सर, आमच्याकडे ऑर्केस्ट्रा आहे, मध्ये तुमची कॉमेडी ठेवलीय. आणि तो आधी वाजवणारा मुलगा आहे ना, त्याला घेऊनच या. आमच्या पोरांनी मोबाइलवर पाहिलाय त्याला." मी म्हटलं, तो आता वाजवत नाही, आजारी आहे. पलीकडचा माणूस मनापासून हसला. विनोदी माणसानं खरं सांगितलं की लोक हसतात, हा आमच्या धंद्याचा भोगच आहे. फोन ठेवला तेव्हा खाली चौकात मांडवाचे बांबू उतरवत होते. एकेक बांबू रस्त्यावर पडत होता आणि प्रत्येक आवाजाला मी मागे वळून पाहत होतो.

म्हैसूरचा हा ऋतू तसा देखणा असतो. पाऊस सरत आलेला असतो, पण पुरता गेलेला नसतो. आभाळ दिवसभर राखाडी राहतं, झाडांखालचे रस्ते ओले असतात, मांडवांतून पुळियोगरेचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, आंबट-तिखट वास येतो. संध्याकाळी जनरेटरच्या धुरात रंगीत दिव्यांच्या माळा लुकलुकायला लागतात. पूर्वी हे सगळं पाहिलं की मला भूक लागायची, कामाची आणि पुळियोगरेची, दोन्हींची. गेली तीन वर्षं मात्र त्या माळा लागल्या की मी खिडकी ओढून घेतो. बायको म्हणते, डास येतात म्हणून का? मी हो म्हणतो.

मी मूळचा सोलापूरचा. नोकरीसाठी इकडे आलो, नंजनगूडच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतो आणि रोज रेल्वेनं जातो-येतो. सोलापुरात कन्नड कानावर पडलेलंच होतं, पण ते विजापूरकडचं रांगडं कन्नड. इथल्या मऊसूत कन्नडापुढे ते असं काही वाजायचं की मी भाजीचा भाव विचारला तरी आजूबाजूचे चारजण हसायचे. आधी राग आला. मग वाटलं, ही माणसं नाहीतरी हसतायत, तर मग मीच ठरवतो ना कधी हसायचं ते! कारखान्याच्या आयुधपूजेला कुणीतरी मला माइकपुढे ढकललं, आणि 'सोलापूरचा माणूस म्हैसुरात' हा माझा अवतार तिथे जन्माला आला. हसतील त्यांचे दात दिसतील, अशी आपल्याकडे म्हण आहे. मला ते दात बघायची चटकच लागली.

ऑर्केस्ट्रातल्या विनोदवीराची किंमत काय असते, तेही सांगून टाकतो. गायक पाणी पितो, गायिका साडी बदलायला जाते, मागे कुणाची तरी वायर सापडत नसते. तेवढ्या वेळात लोक उठून जाऊ नयेत म्हणून मला पुढे सोडतात. अशा गर्दीत अर्धे लोक बोलत असतात, पोरं रडत असतात. विनोद संपला हे त्यांना कळणार कसं? म्हणून मागे बसलेला पॅडवाला माझा पंच, म्हणजे विनोदाचं शेवटचं वाक्य, पडला की इलेक्ट्रॉनिक पॅडवर 'ढिश्-टण्' असा ठोका देतो. ठोका म्हणजे आज्ञा. झालं, आता हसा. अर्धं हसू माझं आणि अर्धं त्या ठोक्याचं, हे स्टेजवरच्या सगळ्यांना माहीत असतं. लोकांना तेवढं माहीत नसतं.

तो ठोका देणारा किट्टू.

कृष्णोजीराव हे त्याचं कागदावरचं नाव. म्हैसूरच्या राजांच्या पदरी शिपाईगिरी करायला कधीकाळी जी मराठी घराणी इकडे आली, त्यांतल्या एकाचा हा वंशज. तलवारी गेल्या, मराठी तेवढी घरात उरली, तीही कन्नडात भिजलेली. पहिल्या भेटीत मी त्याच्याशी मराठीत बोललो तर तो कान टवकारून ऐकत राहिला. "अण्णा, तुमचं मराठी सक्कत आहे, एक नंबर. बातम्यांमधलं वाटतं. आमचं सुम्ने, असंच आपलं घरातलं, भात-सारू वाढायपुरतं." त्या दिवसापासून मी त्याचा मिलिंदण्णा झालो. आईवडील लवकर गेले होते, थोरल्या बहिणीनं, शकुअक्कानं, त्याला वाढवलं होतं. अक्का एका शाळेत कारकून. तिनं लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर किट्टूकडे बोट दाखवून म्हणायची, "हा आहे ना माझा संसार, अजून किती पायजे?"

किट्टू लहानपणी मृदंग शिकला होता, त्यामुळे त्याचं काळाचं गणित पक्कं होतं. विनोदाबद्दल मला जे काही कळलं ते याच्याकडून कळलं. तो म्हणायचा, विनोद म्हणजे तिहाई. तीच गोष्ट दोनदा सांगायची, तिसऱ्यांदा सांगताना वळवायची, आणि समेवर सोडून द्यायचं. सम एवढीशी जरी हुकली तरी तोच विनोद केविलवाणा होतो. पंच आणि ठोका यांच्यामध्ये किती श्वास ठेवायचा हे त्याला माझ्या खांद्यांवरून कळायचं. मी कधी मागे वळून पाहिलं नाही. पाठीमागे किट्टू असला की मला नवा, कच्चा विनोदही बिनधास्त सोडता यायचा. इतका भरवसा मी माझ्या सख्ख्या भावावरही टाकलेला नाही.

आणि सोप्पू. कन्नडात सोप्पू म्हणजे पालेभाजी, आणि आमच्या वर्तुळात सोप्पू म्हणजे गांजा. कार्यक्रमाआधी दिवेलागणीच्या सुमाराला वादक मंडळी जनरेटरच्या आडोशाला जमायची. जुन्या वर्तमानपत्रावर एकजण बिया निवडायचा, इतक्या प्रेमानं की घरी तांदूळ निवडायला सांगितले असते तर भांडण झालं असतं. मग चिलीम हातोहात फिरायची, आवाज खाली यायचे, कुणीतरी एखादी ओळ गुणगुणायचा आणि तिच्यावर सगळे मिळून डोलायचे. खोटं कशाला बोलू, त्या घोळक्यात एक माया होती. तिथे कुणी कुणाचा हेवा करत नसे. मी एकदा ओढून पाहिला. मला ना तत्त्वज्ञान सुचलं, ना सूर दिसले. कारखान्यातल्या वजनकाट्याची काळजी वाटत राहिली आणि मग झोप लागली. किट्टूला मात्र त्यात काहीतरी दिसायचं. "एका मात्रेच्या आत खोल्या असतात अण्णा," तो म्हणायचा. "एक उघडली की आत दुसरी. मी आत जाऊन येतो."

मग मी त्याच्यावर एक विनोद बेतला. सकाळी गल्लीत भाजीवाली 'सोप्पू, सोप्पू' ओरडत येते, माझा पॅडवाला झोपेतून उठून पिशवी घेऊन धावतो आणि बहिणीसाठी शेपूची जुडी घेऊन परत येतो. विनोद तसा पाणचटच. पण सोप्पू शब्द उच्चारला की मांडवातली तरुण पोरं विनोदाची वाटच पाहायची नाहीत, आधीच शिट्ट्या मारायची. गांजावरचा विनोद हा आमच्यातला सगळ्यात आळशी विनोद आहे. चोरून केलेल्या गोष्टीचं नाव मोठ्यानं घेतलं की माणसं हसतात, करामत आपली काहीच नसते. अक्का एकदा पहिल्या रांगेत बसली होती. सगळा मांडव हसत होता आणि ती मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

त्यावरून मला आमच्या सोलापूरच्या गल्लीतले तात्या आठवतात. शिवरात्रीला भांग घ्यायचे. महादेवाचा प्रसाद, त्याला कोण नावं ठेवणार? एरवी मुखदुर्बळ माणूस, त्या दिवशी विजेच्या खांबालाही विनोद सांगायचा. आम्ही पोरं दिवसभर त्यांच्या मागे. ते स्वतःशी हसायचे, आम्ही त्यांना हसायचो. संध्याकाळी ते अचानक रडायला लागत आणि आम्ही पांगायचो. काकू दाराशी उभ्या असायच्या. नशेतल्या माणसाला सगळं गाव हसतं, फक्त घरच्यांना हसू येत नाही. हे तेव्हाही दिसत होतं, पण कळायला माझे केस पिकावे लागले.

आमच्या म्हैसुरात गोकुळमकडे योग शिकायला परदेशातून माणसं येऊन राहतात. तिथल्या एका कॅफेत मी आणि किट्टू एकदा कार्यक्रमाला गेलो. गाद्यांवर पहुडलेले प्रेक्षक, उदबत्ती, आणि उदबत्तीनं न झाकणारा दुसरा वास. मी 'नमस्कार' म्हटलं, लोक हसले. पाणी प्यायलो, हसले. माझ्या मोडक्या इंग्रजीत वाटेल ते बोलत गेलो आणि ते डोळे पुसत राहिले. मी हवेत तरंगत घरी आलो. दुसऱ्या दिवशी तेच सगळं नंजनगूडला बोललो तर मांडवातलं कुत्रंसुद्धा उठून गेलं. किट्टूला सांगितलं तर तो गंभीरपणे म्हणाला, "अण्णा, ते तुमच्या जोकला हसलेच नाहीत. त्यांच्या डोक्यात दुसरा जोक चाललेला." मी ते वाक्य टिपून ठेवलं, कधीतरी स्टेजवर वापरू म्हणून.

त्या भाद्रपदात पाऊस रेंगाळला होता. कावेरीला पाणी चढलं होतं आणि मूर्ती कुठे न्यायच्या याची मंडळांत चर्चा चालली होती. एका संध्याकाळी मी माझा ठरलेला, वीस वेळा सांगितलेला विनोद सांगत होतो. पंचला अजून अख्खं वाक्य बाकी होतं, आणि मागून ढिश्-टण् झालं.

मी वाक्याच्या मध्यावर तोंड उघडं ठेवून उभा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. किट्टू शांत बसला होता. आणि मांडव असा फुटला की पुढच्या खुर्चीवरचे आजोबा हसता हसता खाली घसरले. मी सावरून म्हटलं, "अरे, मला तर बोलू दे!" पुन्हा हशा. पुढच्या विनोदाला त्यानं पुन्हा तेच केलं. मी पुन्हा चिडल्याचं नाटक केलं. त्या दिवशी आम्हाला जितकं हसू मिळालं तितकं आधी कधी मिळालं नव्हतं.

उतरल्यावर मी विचारलं, "काय रे, मुद्दाम केलंस?" तो गोंधळला. "मी आधी नाही वाजवलं अण्णा. तुम्ही बोललात, मग वाजवलं." मला वाटलं, हाही विनोदच. आमचा मास्टर, म्हणजे ऑर्केस्ट्राचा मालक, म्हणाला, हे असंच ठेवा. मीही मान डोलावली. आमच्या धंद्यात चूक ओळखायची एकच रीत असते, लोक हसले नाहीत तर चूक. सुतार फळी वाकडी कापली गेली तर थांबून बघतो, आचारी मीठ जास्त पडलं तर जीभ चावतो. आम्ही मात्र लोक हसले की वाकडंसुद्धा सरळ समजून पुढे जातो. ज्याची समेवर इतकी निष्ठा, त्या माणसाची सम ढळली होती, आणि आम्ही तिला 'आयटम' म्हणालो. कुणीतरी मोबाइलवर चित्रित केलं. दोन आठवड्यांत मंडळं 'तो आधी वाजवणारा' मागायला लागली.

मनात पाल चुकचुकली ती एका सकाळी. त्या दिवसांत दसऱ्याच्या हत्तींना तोफांच्या आवाजाची सवय करतात. मिरवणुकीत हत्ती बिथरू नयेत म्हणून त्यांच्यासमोर रिकामे बार उडवतात. आम्ही दोघं जवळच्या हॉटेलात उभ्यानं कॉफी घेत होतो. किट्टू मध्येच म्हणाला, "आता." आणि तोफ उडाली. काचेची दारं थरथरली. थोड्या वेळानं पुन्हा, "आता." पुन्हा तोफ. मी हसून म्हटलं, "वा, तोफवाला तुझा कुणी पाहुणा आहे वाटतं!" तो हसला नाही. त्याची नजर माझ्या कपावर होती. "नोडी अण्णा, बघा, आवाज आधीच आलेला असतो. तुम्हा लोकांकडे उशिरा पोचतो." तिसऱ्यांदा तो 'आता' म्हणाला तेव्हा काहीच झालं नाही. तो वाट पाहत राहिला. कॉफी गार झाली. शेवटी तो पुटपुटला, "उडाली. तुम्हीच ऐकली नाही."

मी हे कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार होतो? कलावंत माणूस, थोडा लहरी, वर सोप्पूचं प्रमाण वाढलेलं. मास्टर म्हणायचा, सीझन संपला की उतरेल. त्या घोळक्यात एखादा फार खोल गेला तर त्याला 'पोचलेला' म्हणायची पद्धत होती. कुठे पोचला हे विचारायची पद्धत नव्हती.

एका दुपारी अक्कानं जेवायला बोलावलं. पुरणाचे कडुबू केले होते, तूप वाढत होती. "मिलिंदराव, लाजू नका, अजून..." एवढंच ती बोलली आणि किट्टूनं ताटाच्या कडेवर बोटांनी ठोका दिला आणि जोरात हसला. अक्का थांबली. "काय झालं रे?" "तू बोललीस ते." "मी काय बोलले?" तो हसायचा थांबला आणि तिच्या तोंडाकडे बारीक डोळ्यांनी बघायला लागला, जणू ती काहीतरी लपवते आहे. मी घाईघाईनं कडुबूवर एक विनोद केला. तोही त्यानं पुरा होऊ दिला नाही. अक्का माझ्याकडे पाहत होती, आणि मला तिच्याकडे पाहवेना.

शेवटचा कार्यक्रम कृष्णराजनगरला होता. भाताची शेतं हिरवीगार, नदीवरून ओला वारा, आणि मांडव माणसांनी गच्च. किट्टू दिवसभर काही खायला तयार नव्हता, आडोशाला मात्र दोनदा जाऊन आला. पहिला भाग नेहमीसारखा झाला, म्हणजे तो आधी वाजवत होता आणि लोक खुर्च्या बडवत होते. मध्यंतरात मंडळाचे अध्यक्ष माइकवर आले. मंडळ उभं करणारे एक वृद्ध शिक्षक त्याच आठवड्यात वारले होते. अध्यक्षांनी त्यांचं नाव घेतलं, सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, माना खाली घालायला सांगितल्या. त्यांची मुलगी पहिल्या रांगेत होती. एवढी मोठी गर्दी, पण नदीचा आवाज ऐकू यायला लागला.

आणि त्या शांततेत ढिश्-टण्.

लोक हसले. सगळे नाही, पण पुष्कळ. मान खाली घातलेली, हात जोडलेले, आणि तोंडातून हसू बाहेर. तासभर आम्ही त्यांना शिकवलं होतं, ठोका पडला की हसायचं. क्षणभरानं ते स्वतःच घाबरले, आणि ज्या माणसाला आपल्या हसण्याची लाज वाटते, तो ज्यानं हसवलं त्याच्यावर धावून जातो. खुर्ची आली, चप्पल आली. मी आणि मास्टरनं किट्टूला मागच्या बाजूनं ओढून टेम्पोत घातलं. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं. तो माझी बाही धरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, "अण्णा, ते म्हातारे बोलले ना. जोक सांगितला त्यांनी. चांगला होता. तुम्ही ऐकला नाही?"

दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे नेलं त्या मनोविकाराच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान आणि स्वभावानं शांत होत्या. त्या म्हणाल्या, गांजा पुष्कळजण ओढतात आणि पुष्कळांना काही होत नाही. काहींच्या मेंदूला तो मुळीच सोसत नाही. कुणाला सोसेल आणि कुणाला नाही, हे आधी सांगता येत नाही. अक्कानं विचारलं, "हा बरा होईल ना?" त्या म्हणाल्या, गोळ्या आणि लक्ष. सोप्पू कायमचा बंद. आणि पुन्हा काही बदल वाटला तर वाट बघू नका, लगेच या.

किट्टू पुष्कळ सुधारला. जाडा झाला, हळू बोलायला लागला. एका उदबत्तीच्या दुकानात बिलं करायला लागला. मला रस्त्यात भेटायचा तेव्हा त्याच्या अंगाला चंदनाचा वास यायचा. मी त्याच्याशी क्रिकेट, पाऊस, भाव असलं काहीबाही बोलायचो. विनोद करत नसे. आपल्याच माणसापुढे विनोद करायला भिणारा विनोदवीर मी दुसरा पाहिलेला नाही. नवा पॅडवाला बरा आहे, वेळेवर वाजवतो. मी मागे वळून पाहत राहतो, एवढंच.

आणि आता हा भाद्रपद. मंडळाच्या फोननंतर दोनच दिवसांनी अक्काचा फोन आला. किट्टू पुन्हा वाजवायचं म्हणतोय. रोज पॅड पुसून ठेवतोय. डॉक्टरीणबाईंकडची तारीख अजून लांब आहे. "नोडी मिलिंदराव," ती म्हणाली, "मला त्याचं काही कळत नाही. मी विचारलं की तो बरोबरच बोलतो. तुमचं तसं नाही. कोण कधी हसलं, ते तुमच्या कानाला समजतं. घरी या, त्याला एक जोक सांगा, अष्टे, बस्स. तो कुठे हसतो तेवढं ऐका. तुम्ही सरी, ठीक आहे म्हणालात तर मी त्याला पाठवते."

आयुष्यात मी हजारो लोकांपुढे उभा राहिलो, पण त्या रविवारी अक्काच्या बैठकीच्या खोलीत एका प्रेक्षकापुढे जितका घाबरलो तितका कधी नाही. किट्टू समोरच्या खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. अक्का दाराच्या चौकटीला टेकून उभी. सकाळची वेळ, बाहेर पोरं मंडळाची वर्गणी मागत फिरत होती. मी त्याला कधीच न सांगितलेला विनोद निवडला होता, सोलापूरच्या माझ्या मामाचा, जो दवाखान्यात स्वतःऐवजी म्हशीचं दुखणं सांगतो आणि औषध मात्र स्वतः घेऊन बरा होतो. सांगताना माझं लक्ष शब्दांवर नव्हतं, किट्टूच्या ओठांवर होतं. पहिली फेरी झाली, तो स्वस्थ. दुसरी झाली, तरी स्वस्थ. पंच पडला. बरोबर एक श्वास गेला आणि किट्टू हसला. पूर्वीसारखा, मान मागे टाकून.

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. ती कॉफी आणते म्हणत आत वळली. माझाही जीव भांड्यात पडला होता. मी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. तेव्हा तो पुढे वाकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बरोबर जागेवर आलं ना अण्णा?"

"काय?"

"हसू. मामा दवाखान्यात शिरले तेव्हाच मला सगळा जोक ऐकू आला. पण मी धरून ठेवलं. दात दाबून आत मात्रा मोजल्या. तुमचे खांदे उतरले, मग सोडलं." त्याला अभिमान वाटत होता. "आता मला थांबायला येतं. दुकानात पण असाच करतो. कुणाला समजत नाही."

"गोळ्या?"

"घेतो." मग शर्टाची बाही सारखी करत, "त्या घेतल्या की आवाज जातात. सुम्ने कापूस घातल्यासारखं होतं. म्हणून कधी कधी."

"आणि सोप्पू?"

तो खिडकीकडे बघत होता. बाहेर कुणीही काही बोललेलं नव्हतं, आणि त्याच्या गालाचा स्नायू आत दाबलेल्या हसण्यानं उडत होता.

अक्का कॉफीचे पेले घेऊन आली. तिचा चेहरा तरुण दिसत होता. इतका तरुण मी तो कधी पाहिला नव्हता. "काय म्हणता मिलिंदराव? पाठवू ना?" किट्टूनं माझ्याकडे पाहिलं. नजर ओळखीची होती. मी माइक हातात घेतला की मागून तो मला असाच न्याहाळत असणार, पुढचं वाक्य कोणतं येतंय ते बघत. तो निश्चिंत होता. आपला अण्णा समोरच्या माणसाला जे हवं तेच देतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि मला एकदम वाटलं, आज हा विसरला तरी मी विसरायचं नाही की डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या.

"नाही अक्का," मी म्हटलं. "त्याला अजून ऐकू येतंय. गोळ्याही नीट घेत नाहीये. तारखेची वाट नको, आजच नेऊ या."

पेला अक्काच्या हातातच राहिला. किट्टूचा चेहरा आधी कोरा झाला, मग लहान मुलासारखा भांबावला. मला वाटलं आता तो ओरडेल, किंवा हसेल. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "हे मला आधी ऐकू आलं नव्हतं."